औषध फेल गेलं म्हणे

"हे औषध तुमच्या बाबतीत फेल गेलं असं धरू या," असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा मला पहिला राग आला तो औषधाचा. दर रविवारी मांडीत सुई खुपसून घ्यायची, सोमवारी कणकण अंगावर काढत कॉलेजला जायचं, आणि एवढं करून हे म्हणणार मी नापास. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली आहे. नापास मुलं मी पोत्यानं पाहिली. पण अभ्यास न करता नापास झालेला वेगळा आणि पेपर कुणीतरी भिजवला म्हणून नापास झालेला वेगळा. हे औषध दुसऱ्या जातीचं होतं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. हे नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा आधी कोरा होतो आणि लगेच सल्ले सुरू होतात. वात असेल. बी-ट्वेल्व्ह तपासलंस का? आमच्या एका मावसभावाला असंच होत होतं, तो एरंडेलानं बरा झाला. या मावसभावाला मी अजून भेटलेले नाही, पण तो प्रत्येक घरात असतो आणि प्रत्येक घरात तो बराच होतो. मी पेठेत वाढलेली बाई आहे, मला फटकन बोलायची सवय आहे. "मग त्यालाच शिकवायला पाठवा माझ्याऐवजी," असं म्हटलं की लोक गप्प बसतात आणि पाठीमागे म्हणतात, आजारानं चिडचिडी झाली. आजाराचा काही संबंध नाही. मी आधीपासूनच अशी आहे.

या आजारात आपलं रक्षण करायला नेमलेल्या पेशी आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतात. लोकांना एवढंच सांगून मी थांबते, कारण पुढचं ऐकायला कुणाला वेळ नसतो. खरी मेख पुढेच आहे. आवरण गेलं म्हणून नस लगेच मरत नाही. ती उघडी पडते, आणि उघड्या नसेतून निरोप पुढे ढकलायला पेशीला जास्त ऊर्जा लागते. तिच्यातल्या बारक्या भट्ट्या, मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना, सतत पेटत्या ठेवाव्या लागतात. चूल पेटली की धूर आलाच. धुरांडं धड असेल तर तो निघून जातो, पण इथे आजूबाजूला जळजळ चाललेली, भट्ट्याही बिघडलेल्या, मग तो धूर आतच कोंडतो. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. त्यात नस आतून करपत जाते. आवरण थोडंफार परत चढतं, पण करपून मेलेली मज्जापेशी परत येत नाही.

म्हणजे माझं भांडण सगळं एवढ्यासाठी की जळजळ मुळात भडकू द्यायची नाही. एकदा भडकली की मागे काय उरेल ते आपल्या हातात नसतं. त्यासाठी ते रविवारचं इंजेक्शन. या औषधाला एकच अट होती, ते फ्रीजमध्ये हवं. गोठलेलं चालत नाही, तापलेलं चालत नाही. तापलं तर आतलं प्रोटीन बिघडतं, आणि वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, कारण पाणी तसंच नितळ दिसतं.

माझ्या उजव्या हाताच्या बोटांना नेहमी मुंग्या असतात, म्हणून इंजेक्शन नवरा द्यायचा. तो हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये आहे आणि त्याचं काम म्हणजे सर्व्हरच्या खोल्या थंड राहतात की नाही ते बघणं. तिथलं तापमान जरा वर गेलं तर त्याचा फोन वाजतो आणि हा जेवणावरून उठून पळतो. घरी तो इंजेक्शनही तसंच द्यायचा, अगदी शास्त्रशुद्ध. फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायचं, हात दोनदा धुवायचे, स्पिरिटचा बोळा आतून बाहेर गोल फिरवायचा. मी सगळ्या जगाला त्याचं कौतुक सांगत सुटायचे. स्टाफरूममध्ये तर माझ्या नवऱ्याची उदाहरणं देऊन इतर बायकांच्या नवऱ्यांना बोलणी बसत होती.

भाद्रपदाच्या आधी त्यानं दोन महिन्यांचा साठा एकदम आणून ठेवला. आमचं औषध बुधवार पेठेच्या पलीकडे एका दुकानात मिळतं, आणि गणपतीत तिकडचे रस्ते बंद असतात. आम्ही राहतो मांजरीला. मिरवणुका, मांडव, बॅरिकेडं ओलांडून थर्मोकोलचा डबा आणण्यापेक्षा आधीच आणलेला बरा, असा त्याचा हिशेब. हुशार माणूस. मी याचंही कौतुक केलं होतं.

आमच्याकडे गौरी असतात, आणि सासूबाईंचं सोवळं कडक. आमच्या कॉलनीत आता गौरींचा स्वयंपाक केटररकडून येतो आणि गौरी तो मुकाट्यानं जेवतात, पण सासूबाईंना ते पटत नाही. पुरण, सोळा भाज्या, पंचामृत, सगळं घरी आणि सोवळ्यात. ओट्याजवळ फार वेळ उभं राहिले की माझे पाय लटपटतात, आणि गरम वाफेत तर नजरसुद्धा अंधुक होते. त्यामुळे माझी नेमणूक बाहेरच्या खोलीत: वाती वळा, पानं पुसा, येणाऱ्या सवाष्णींना हळदीकुंकू लावा. सोवळ्यात नसलेल्या माणसानं फ्रीजला हात लावायचा नाही असा नियम होता आणि मी तो पाळला. सासूबाईंशी माझं बाकी पुष्कळ वाजतं, पण ते तीन दिवस मी त्यांना मोडता घालत नाही. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. पुढच्या रविवारी नवऱ्यानं नेहमीसारखं इंजेक्शन दिलं.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर कॉलेज सुरू झालं, आणि एका सकाळी फळ्यावर हृदयाची आकृती काढताना माझ्या लक्षात आलं की लाल खडू विटका दिसतोय. शिपायाला म्हटलं, हे कसले स्वस्तातले खडू आणता? त्यानं नवीन डबा आणला. तोही विटका. मग मी डावा डोळा झाकून पाहिलं, उजवा झाकून पाहिलं. डाव्या डोळ्यानं लाल लाल होता. उजव्या डोळ्यानं तो जुन्या कौलासारखा दिसत होता आणि डोळा फिरवला की मागून कळ येत होती. मी खडू खाली ठेवला, मुलांना म्हटलं वाचत बसा, आणि खुर्चीत बसले. मला कुणी सांगायची गरज नव्हती. डोळ्याच्या नसेत जळजळ पेटली होती.

स्टेरॉइडच्या सलायनी झाल्या. कळ गेली. नजर अर्धीमुर्धी परत आली आणि तिथेच थांबली. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा स्कॅन काढला तेव्हा मज्जातंतूंचा थर पातळ झालेला दिसला. डॉक्टरांनी मला कॉम्प्युटरवर त्या थराची रेघ दाखवली. मी जन्मभर मुलांना असल्या रेघा दाखवत आले, त्यामुळे मला ती लगेच वाचता आली, आणि वाचता आली याचंच मला त्या क्षणी वाईट वाटलं.

तेव्हा डॉक्टरांनी अगदी साधा प्रश्न विचारला होता. मध्यंतरी औषध फ्रीजबाहेर राहिलं होतं का? लाइट वगैरे गेली होती का? मला चक्क अपमान वाटला. मी म्हटलं, आमच्या घरी ते शक्यच नाही, ते सगळं ह्याच्याकडे असतं आणि हा भयंकर काटेकोर आहे. नवरा शेजारच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसला होता. मला वाटलं, माझ्या डोळ्याचं ऐकून बिचाऱ्याला धक्का बसलाय. मी त्याच्या हातावर हात ठेवला. हो, मी त्याचं सांत्वन केलं.

मग निघाला निकाल: औषध फेल. आता याच्यापेक्षा जोरकस औषध, सलायनमधून. ते चांगलं आहे, पण प्रतिकारशक्ती खाली आणतं. साथीच्या दिवसांत शिंकणाऱ्या, खोकणाऱ्या मुलांच्या वर्गात उभं राहणाऱ्या बाईला त्याचा अर्थ काय, ते डॉक्टरांनी न लपवता सांगितलं. वर्गात शिकवणं पुढे जमेल की नाही ते बघू म्हणाल्या. रक्ताच्या तपासण्या झाल्या, लसी झाल्या, मार्गशीर्षातली तारीख ठरली. मी कॉलेजात अजून काही बोलले नव्हते, पण फळ्यासमोर उभी राहिले की मनात येत होतं, हे आता किती दिवस.

आणि या सगळ्या काळात नवरा माझ्यावरून नुसता जीव ओवाळून टाकत होता. रोज सकाळी आवळ्याचा रस. चहा बंद, त्याऐवजी हिरवा चहा. हळदीच्या गोळ्या, डाळिंब सोलून वाटीत. अँटिऑक्सिडंट, अँटिऑक्सिडंट, असा त्याचा जप चालला होता. कुठून कुठून वाचून मला सांगायचा की पेशींचं रक्षण होतं. मी हेच शिकवते. आवळा चांगलाच आहे, पण सकाळी पोटात गेलेला आवळा डोळ्याच्या नसेत जाऊन तिथला धूर पुसून येत असता, तर माझे डॉक्टर केव्हाच भाजी मंडईत बसले असते. तरी मी नाक न मुरडता पीत होते. माणूस प्रेमानं करतोय, म्हणून.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी सासूबाई फ्रीज पुसत होत्या. खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत, रोडगे, तयारी चालली होती. मी टेबलापाशी बसून कांद्याची पात निवडत होते. पुसता पुसता त्या सहज म्हणाल्या, "बरं झालं, या खेपेला तुझ्या त्या सुयांचा प्रश्न नाही. गौरींच्या वेळी त्याला बिचाऱ्याला तीन दिवस गाडीत ठेवाव्या लागल्या."

मी विचारलं, काय गाडीत? कोणी ठेवल्या? त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं, कारण त्यांच्या दृष्टीनं त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. फ्रीज सोवळ्याचा, त्यात पुरण आणि सोळा भाज्या, आणि शेजारी रक्ताशी संबंध असलेल्या सुया त्यांना नको होत्या. त्यांनी लेकाला सांगितलं, ते जरा बाजूला ठेव. त्यानं डबा उचलला आणि खाली गाडीत नेऊन ठेवला. आमची गाडी सोसायटीत उघड्यावर उभी असते. भाद्रपदातलं पुण्याचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना मी वेगळं काय सांगू.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पात हातातून खाली पडली. मी सासूबाईंवर तुटून पडले. तुमचं सोवळं, तुमचे सोळा प्रकार, तुमच्या गौरींनी माझा डोळा खाल्ला, असं काय काय बोलले. सत्तरी ओलांडलेल्या बाईशी असं बोलू नये, हे मला कळत होतं आणि तरी मी बोलले. त्या फडकं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. माझं संपल्यावर खुर्ची ओढून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी विचारलं होतं त्याला, बाहेर ठेवलेलं चालेल का म्हणून. चालेल म्हणाला. इंजिनिअर तो, मला काय कळतंय त्यातलं?"

मग म्हणाल्या, "नासतं म्हणून मला सांगायचं होतंत की गं. मी गौरींचं बाहेर ठेवलं असतं. माझ्या सासूबाईंकडे कुठे होता फ्रीज? गौरी तेव्हाही जेवूनच जात होत्या."

मी साप साप म्हणून भलतीकडेच भुई धोपटत होते. पदरानं डोळे पुसत त्या उठल्या आणि पात गोळा करायला लागल्या. मी त्यांना करू दिलं नाही, स्वतः वाकून गोळा केली.

नवरा घरी आला तेव्हा मी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. पहिल्यांदा तो म्हणाला, डब्यात बर्फाच्या पिशव्या होत्या. मी विचारलं, तीन दिवस? मग म्हणाला, गाडी सावलीत होती. मी विचारलं, सावली तीन दिवस एका जागी उभी होती? शेजारपाजारी कुणाकडे फ्रीज नव्हता का, विचारलं. तुझ्या सर्व्हरच्या खोलीत यंत्रं दोन अंश तापली तर तू ताटावरून उठतोस, आणि माझं औषध उन्हात तीन दिवस शिजत होतं तेव्हा तुझा फोन वाजला नाही का, विचारलं. शेवटी खाली बघत म्हणाला, "कशावरून त्यामुळेच झालं?"

हीच तर गोम आहे. कुणीच सांगू शकत नाही. नीट ठेवलेलं औषध घेऊनही असे झटके येतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे माझा डोळा तू घालवलास, असं छातीठोक म्हणायची सोयसुद्धा या माणसानं मला ठेवली नाही. शंका तेवढी ठेवली, आणि ती आता माझ्याबरोबर राहणार. पण एक गोष्ट शंकेची नव्हती. गौरी गेल्यावर त्यानं तो डबा परत फ्रीजमध्ये ठेवला होता. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी त्यानं हात दोनदा धुतले, बोळा आतून बाहेर गोल फिरवला, आणि ते तापलेलं पाणी माझ्या मांडीत टोचलं. दर वेळी विचारलं, दुखलं का? आणि मी दर वेळी म्हटलं, नाही, तुझा हात हलका आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळचा आवळ्याचा रस मी बेसिनमध्ये ओतला. हे म्हणजे घराला आग लावायची आणि मग वाटीवाटीनं पाणी शिंपडत लोकांकडून शाबासकी घ्यायची. मला त्याच्या प्रत्येक डाळिंबाच्या दाण्याचा राग आला. आतापर्यंत मी प्रेम म्हणून गिळत होते ते याचं प्रायश्चित्त होतं, आणि तेही घ्यायचं मी.

पण रडत बसायला वेळ नव्हता. नव्या औषधाची तारीख आठवड्यावर आली होती, आणि ते ज्या कारणानं द्यायचं ठरलं होतं ते कारणच खोटं होतं. औषध नापास झालं नव्हतं, त्याला परीक्षेला बसूच दिलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, डॉक्टरांना हे कळायला हवं, आणि तूच सांगायचं. तो म्हणाला, मेसेज करतो. मी म्हटलं, नाही. म्हणाला, फोन करतो. मी म्हटलं, समोर बसून. मग म्हणाला, तूच सांग ना, तुला व्यवस्थित मांडता येतं. पंचवीस वर्षं मी व्यवस्थित मांडते म्हणून आमच्या घरातलं सगळं अवघड मीच मांडत आले आहे. शेजाऱ्यांच्या पार्किंगपासून त्याच्या बहिणीच्या लग्नातल्या रुसव्यापर्यंत. हे मांडायचं नाही, असं मी ठरवलं. तू नाही बोललास तर मी तिथून उठून येईन आणि नवं औषधही घेणार नाही, असं सांगितलं. मी धमक्या फार देते, पण या वेळी माझा आवाज चढला नव्हता. तो घाबरला असावा.

दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी होती. आमचा नंबर लागला, आम्ही आत गेलो, आणि डॉक्टर तपासण्यांचे रिपोर्ट उघडत म्हणाल्या, सगळं छान आहे, पुढच्या आठवड्यात सुरू करू. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहत बसले. मग तो बोलला. गौरी, फ्रीज, गाडी, ऊन, परत फ्रीज, सगळं. चुकीचं काही बोलला नाही, काही गाळलं नाही. डॉक्टरांनी मध्ये दोन-तीन प्रश्न विचारले, काचा बंद होत्या का, साठा तोच वापरला का. तो हो म्हणत गेला.

त्यांनी समोरची फाइल मिटली. म्हणाल्या, मग हे औषध फेल गेलं असं मला म्हणता येणार नाही. पुढच्या आठवड्याचं सलायन थांबवू. जुनंच औषध नव्यानं, नीट ठेवून सुरू करू, आणि काही महिन्यांनी मेंदूचा स्कॅन बघून मग ठरवू. म्हणजे माझा वर्ग तूर्त वाचला. मी विचारलं, आणि डोळा? त्या म्हणाल्या, थर पातळ झालाय तो झाला, तो मी भरून देऊ शकत नाही. मला हे माहीतच होतं, तरी मी विचारलं.

मग त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज शांतच होता. "मी त्या दिवशी तुम्हा दोघांसमोर विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?"



"ही चिडली असती," तो म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बहुतेक वाटलं, मी आता रडणार.

"माझा राग होता तेवढाच आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "यानं तो सांभाळायला नको होता. डोळा सांभाळायचा होता."